कासव कुठं सापडलं

माझी जीभ लांब आहे, असं आमच्या निसर्गकेंद्रातला ड्वाइट म्हणतो. खोटं नाही. पण एका दिवशी ती एक वाक्य आधीच थांबली आणि तिथंच घात झाला.

एप्रिलमध्ये दुसरीची मुलं आली होती. घुबड हातावर घेऊन मी सांगत होते, "रस्त्यात कासव दिसलं तर तसंच सोडून जाऊ नका, मदत करा." पुढचं वाक्य मी अकरा वर्षं म्हणतेय: ते निघालंय त्याच बाजूच्या कडेला ठेवा, बरोबर आणू नका. तेवढ्यात घुबडानं बाईंच्या स्कर्टवर शिटलं. मुलं खिदळत सुटली, बसवाला हॉर्न मारायला लागला. वाक्य राहिलं ते राहिलंच.

मे महिन्यात त्यांच्यातली मॅब्री आली, आजीबरोबर, काखेत बुटांचं खोकं घेऊन.

"मिस जोडी, मी त्याला सोडून आले नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं ना."

खोक्यात पिवळ्या नक्षीचं रानातलं कासव होतं. पाठ झिजून गुळगुळीत झालेली, म्हणजे चाळिशीचं तरी असणार. ही जात दोन-चार शेतांच्या टापूतच जन्मते आणि मरते. दुसरीकडे सोडलं तर घर शोधत चालत सुटते, आणि बहुतेकदा गाडीखाली जाते. म्हणून आमच्या फॉर्मवर पहिलाच रकाना असतो: कुठं सापडलं.

"कुठं सापडलं, व्हर्नाआजी?"

"बहिणीकडून येत होतो. मोठा रस्ता बंद, म्हणून आतून आलो. शेजारी तंबाखूचं काळं कोठार होतं बघ."

"काळं कोठार. केंटकीत, जिथं दर शेतावर एक काळं कोठार. मग काय, लगेच सापडेल."

"टोमणे मारू नकोस पोरी. वय झालंय माझं."

रविवारी चर्चनंतर आम्ही तिघी माझ्या गाडीतून निघालो. खोकं मॅब्रीच्या मांडीवर. प्रत्येक कोठारापाशी व्हर्नाआजी म्हणायची, "हेच ते," आणि पुढच्या वळणावर, "नाही गं, हे असेल." उन्हं कलली तेव्हा मॅब्री म्हणाली, "आजी, नीट आठव ना," आणि म्हातारी रडायला लागली. मी हात टेकले आणि गाडी फिरवली. रागवायचं कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

आता ते आमचं कार्यक्रमाचं कासव आहे, शाळेची मुलं आली की दाखवायचं. कुंपणाच्या आत मोठं अंगण, गांडुळं, स्ट्रॉबेऱ्या, कशाला कमी नाही. पण दिवसभर ते दक्षिणेच्या फळीशी जाऊन नखांनी खरवडतं. ड्वाइटनं उचलून दुसऱ्या टोकाला ठेवलं, तर तासाभरात परत तिथंच. फळी तेवढ्या जागी पांढरी पडलीये. मला बघवत नाही.

मॅब्री दर शनिवारी येते. तिचं घर त्याच बाजूला.

"त्याला कळतं, मी इकडून येते ते," परवा ती म्हणाली. "वाट बघत असतो माझी."

"हो गं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय, कासव दिसलं की मिस जोडीकडे आणा."

मग मला ते राहिलेलं वाक्य म्हणावंच लागलं. तिच्या शेजारी गवतात बसून पूर्ण म्हटलं, का ते पण सांगितलं. ती रडली नाही. उठून फळीजवळ खरवडणाऱ्या कासवापाशी जाऊन बसली.

"म्हणजे तो घरी निघालाय," ती म्हणाली. "रोज."