झाडामागचा कप्तान

समजा, उद्या सकाळी तुम्ही उठलात आणि चित्रकथा कशी वाचायची तेवढंच विसरून गेलात. अक्षरं येतात, चित्रं ओळखता येतात, पण पानावर या चौकटी कशाला आखल्यात ते काही केल्या उमजत नाही. करून पाहा बरं. एखादं पान समोर घ्या आणि असलं काही आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय असं बघा. त्यात एकच माणूस पुन्हापुन्हा काढलाय. तो एकच आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

जमलं असेल तर आता माझ्याबरोबर रत्नागिरीच्या मांडवी बंदरावर चला. साल एकोणीसशे पस्तीसच्या आसपासचं. मे महिना संपत आलाय. किनाऱ्याला भागोजी तांडेलाची खोपी आहे. आगबोट खोल पाण्यात उभी राहिली की तिथले उतारू आपल्या पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, धक्क्यावर आणायचे, हे भागोजीचं काम. खोपीपुढे माडांची रांग, आणि माडांच्या सावलीत एक जुनी होडी पालथी घालून ठेवलेली.

त्या पालथ्या होडीच्या पाठीवर बसायचा मान सखूचा. सखू म्हणजे भागोजीची नात. वय दहा, मराठी शाळेत तिसरीत. तिचे वडील मुंबईत एका छापखान्यात होते. तिथे छापलं जाणारं मुलांचं मासिक ते दर महिन्याला आगबोटीनं घरी पाठवायचे. त्यात ‘मंगळाची आगबोट’ नावाची गोष्ट क्रमशः यायची. कप्तान वीरसेन एक उडती आगबोट घेऊन मंगळावर जातो आणि तिथून काही केल्या त्याला परत येता येत नाही, अशी ती गोष्ट. वाडीतल्या बाकीच्या पोरांना धड वाचता येत नव्हतं. त्यामुळे अंक आला की सगळी होडीभोवती जमायची, सखू वर चढायची, घसा साफ करायची आणि वाचायला लागायची.

लेखकानं कप्तान दिसतो कसा हे कधीच लिहिलं नव्हतं. ते सखूनं ठरवलं होतं. कप्तानाला तिच्या आजासारख्या झुबकेदार मिशा होत्या. डोक्याला लाल रुमाल होता. आणि त्याच्या उडत्या आगबोटीला भलाथोरला नांगर होता. नांगर नसेल तर मंगळावर थांबणार कशी?

आणि मग एक दिवस मुंबईहून आलेल्या आगबोटीतून मासिकाऐवजी एक पातळसं पुस्तक आलं. तीच गोष्ट, पण सगळी चित्रांत. लवू नावाचा शेजारचा पोरगा धक्क्यावर होता, त्यानं ते आधी हातात घेतलं आणि पळत येऊन थेट होडीच्या पाठीवर चढून बसला.

“उतर,” सखू म्हणाली. “ती माझी जागा हाय.”

“वाचायचं असेल तवा तुझी,” लवू म्हणाला. “यात वाचायचंच नाय. नुसतं बघायचं. डोळे काय तुला एकटीलाच हायत?”

पोरं लवूभोवती गोळा झाली. सखूनं मान लांब करून पहिलं पान पाहिलं. कप्तानाला कोट होता. टोपी होती. मिशा नव्हत्या.

“हा कप्तान नाय,” ती म्हणाली. “हा पोस्टातला कारकून वाटतो. आणि नांगर कुठाय? आगबोट हाय की दुधी भोपळा?”

“तुला पोटदुखी उठली,” लवू म्हणाला. “आता तुला कोण विचारतो, म्हणून.”

हे अगदी खरं होतं.

लवूनं पान सर्वांना दिसेल असं धरलं. पानावर सहा चौकटी होत्या आणि प्रत्येकीत एक कप्तान.

“एवढे कप्तान?” चिमानं विचारलं. चिमा सगळ्यांत धाकटी, पाच वर्षांची.

लवू जरा घुटमळला. “भाऊ हायत ते. जुळे.”

“सहा?”

“मुंबईकडं होतात.”

पुढच्या पानावर चारच कप्तान निघाले. चिमाचा चेहरा पडला. “दोघं कुठं गेले?”

“वारले असतील,” लवू म्हणाला. “मंगळावरची हवा वाईट असते.”

चिमानं भोकाड पसरलं. तिला गप्प करायला लवूनं घाईघाईनं पान उलटलं, तर तिथे एका चौकटीत कप्तानाचं नुसतं मोठं थोरलं डोकं. खाली धड नाही, काही नाही. दोन पोरं मागे सरकली.

“मुंडकं तोडलं,” त्यांतला बाबू म्हणाला. “आणि तरी हसतोय.”

“आणि तोंडातनं काय येतंय? बुडबुडा?”

“त्यात लिहिलंय. सखू, काय लिहिलंय गो?”

सखूनं वाचलं. “‘सर्व ठीक आहे.’”

पोरं हसून हसून वाळूत लोळायला लागली. मुंडकं तुटलेला माणूस म्हणतो सर्व ठीक आहे. चिमासुद्धा रडता रडता हसली. लवू एकटा होडीवर बसून पान उलटं, सुलटं, आडवं धरून पाहत होता. सखूला मनातून बरं वाटत होतं. पण खरं सांगायचं तर तिलाही काही कळलं नव्हतं, आणि न कळलेल्या गोष्टीवरून दुसऱ्याला हसण्यात फार वेळ मजा राहत नाही. ती हळूच उठली आणि खोपीच्या दारात जाऊन बसली.

भागोजी आत वल्ही काढत होता. “सखू, आगबोट दिसली की सांग गो,” तो म्हणाला. “गोव्याकडची येतेय. यंदाची शेवटची. मला पडाव काढायचाय.”

पावसाळ्यात समुद्र खवळतो म्हणून आगबोटी बंद असायच्या. आजची गेली की थेट नारळी पुनवेनंतर. म्हणजे तोवर मासिक नाही, पुस्तक नाही, काहीच नाही.

सखूनं समुद्राकडे पाहिलं. दारातून समुद्र दिसायचा तो माडांच्या खोडांमधून, उभ्या उभ्या पट्ट्यांत. डावीकडच्या पट्टीत एक धुराचा ठिपका उगवला.

“दिसली,” ती म्हणाली. ठिपका खोडामागे गेला. “गेली.” पुढच्या पट्टीत तो पुन्हा निघाला, जरा मोठा होऊन. “दिसली. गेली. परत दिसली.”

“किती आगबोटी हायत बाय तुझ्या?” आतून भागोजी म्हणाला. “मला एकच ठाऊक हाय.”

सखू नीट बघायला लागली. तिसऱ्या पट्टीत आगबोटीचं धुराडं दिसत होतं. चौथ्या पट्टीत ती इतकी जवळ आली की फक्त नाळेकडचा, पुढचा भाग मावला, बाकीची आगबोट माडाआड. पट्ट्या चार, आगबोट एक. आणि तिचं मागचं धड काही कोणी तोडलेलं नव्हतं.

सखू उठली ती पळतच सुटली.

“एकच हाय,” ती ओरडली. “लवू, कप्तान एकच हाय. कोणी वारलं नाय, कोणाचं मुंडकं नाय तुटलं. तो जवळ आलाय नुसता.”

“तुला काय माहीत?”

तिनं त्याला होडीवरून खाली ओढलं, दंडाला धरून खोपीच्या दारात नेलं आणि समुद्राकडे तोंड करून उभं केलं. मग सगळ्या पोरांना तिथून पाहायला लावलं. आगबोट गेली, आली, गेली, आली. चिमा टाळ्या पिटायला लागली. बाबू माडांच्या रांगेपलीकडे जाऊन स्वतःच चालू लागला, दर पट्टीत थांबून “सर्व ठीक आहे” म्हणू लागला. मग एकेक करत सगळीच पळाली. भागोजी पडाव ढकलायला बाहेर आला, तेव्हा प्रत्येक माडामागून एक पोर तोंड काढून त्याला सर्व ठीक असल्याचं सांगत होतं.

“उन्हात फिरू नका,” एवढंच म्हणून तो पाण्याकडे गेला.

पुन्हा सगळी होडीपाशी आली. आता पुस्तक भराभर पुढे सरकू लागलं. कप्तान शिडी उतरला, मंगळावर आला, मंगळावरच्या लोकांनी त्याला घेरलं. लवू बोट ठेवून दाखवत होता आणि पोरांना खरंच सगळं कळत होतं. सखूच्या लक्षात आलं की आता तर तिची अजिबातच गरज उरली नाही. कसं बघायचं ते तिनंच शिकवलं होतं, आणि होडीवर बसला होता लवू.

“टोपी कुठं गेली?” चिमानं विचारलं.

“कसली टोपी?”

“हितं हाय. हितं नाय.”

लवूनं दोन्ही चौकटी निरखल्या. “काढायची राहिली असेल.”

“राहिली नाय,” सखू म्हणाली. हा भाग मासिकात आला होता, ते ती आठवत होती. मंगळावरच्या वाऱ्यावर चांगली दोन पानं होती. “या चौकटीच्या आणि त्या चौकटीच्या मधे ही कोरी जागा हाय ना, तो माड. टोपी माडामागं गेली. शिडीवर असताना मंगळाचं वारं सुटलं. तांबड्या वाळूचं. नाकात, कानात वाळू. कप्तानानं एका हातानं शिडी धरलेली, दुसऱ्यात कंदील, मग टोपी धरायची कशानं? टोपी उडाली ती भिरभिरत मंगळाच्या राणीच्या ताटात पडली. राणीला वाटलं, नवीन प्रकारचा पापड.”

पोरं हसली. लवूनं डोळे बारीक केले. “पापडाचं मासिकात नव्हतं.”

“नव्हतं,” सखू म्हणाली. “माडामागं होतं.”

“या माडामागं काय हाय?” बाबूनं पुढच्या दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. लवूनं ती जागा निरखली, तिथे काहीच नव्हतं. मग तो होडीच्या पाठीवर एका बाजूला सरकला आणि सखू वर चढली.

शेवटच्या पानापर्यंत असंच झालं. चौकट लवूची, माड सखूचा. शेवटच्या चौकटीत कप्तान एका प्रचंड दारापुढे उभा होता, हात कडीवर. लवूनं पान उलटलं. मागची बाजू कोरी होती.

“संपलं?” चिमानं विचारलं.

“पुढचं पुस्तक आगबोटीनं येणार,” लवू म्हणाला. दूरवर भोंगा वाजला. भागोजीचा पडाव उतारू घेऊन धक्क्याकडे येत होता आणि शेवटची आगबोट मुंबईकडे निघाली होती. “म्हणजे नारळी पुनवेनंतर.”

सगळी पोरं त्या कोऱ्या पानाकडे पाहत राहिली.

“केवढा जाड माड हाय हा,” बाबू म्हणाला.

सखू होडीवरून उतरली. खोपीत गेली, चुलीतला विझलेला कोळसा घेऊन आली. दाराच्या कडीवर हात ठेवलेल्या कप्तानाला तिनं आधी झुबकेदार मिशा काढल्या. मग त्याच्या आगबोटीला नांगर काढला. मग ती पुन्हा होडीच्या पाठीवर चढून बसली, कोरं पान सर्वांना दिसेल असं धरलं आणि घसा साफ केला.