कमी वाऱ्याचं शीड

टॉर्किल आणि त्याची बायको बोडिल फेब्रुवारीत माझ्याकडे आले ते भांडूनच आले होते. डेन्मार्कमधल्या स्वेनबोर्गच्या बंदरात मी एकवीस वर्षं शिडं शिवते, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून कळतं.

"वारा पडला की हा इंजिन लावतो," बोडिल म्हणाली. "दोन उन्हाळे मी फेरीनं एरो बेटावर जातेय, हा बोटीनं."

"फेरीला काय इंजिन नसतं?" टॉर्किल म्हणाला.

"असतं. माझ्या उशाखाली नसतं."

टॉर्किलला फुग्यासारखं गोल शीड हवं होतं, आडवा दांडा लावून उभारायचं. तरुणपणी तो तसल्या शिडांवर शर्यती खेळलेला.

"पुढे जाऊन ते लावणार कोण?" मी विचारलं.

"मी. ही सुकाणू धरेल."

"खांद्याचं सांग की त्यांना," बोडिल म्हणाली.

टॉर्किलच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. हात कानाच्या वर जात नव्हता.

मे महिन्यात मी दोन जुनी शिडं घेऊन त्यांच्या बोटीवर गेले. वारा सेकंदाला जेमतेम दोन मीटर. आधी गोल शीड उभारलं. दांडा मीच लावला. शेजारून एक मोटरबोट गेली, लाटेनं आमची बोट हलली आणि शिडातला वारा निघून गेला. डोलकाठीपासून बोटीच्या नाकापर्यंत जाणाऱ्या तारेला शिडाचे तीन वेढे बसले.

टॉर्किलनं हात वर केला आणि तसाच खाली घेतला. बोडिलनं सुकाणू त्याच्या हातात दिलं आणि पुढे गेली. आजवर ती तिथं कधी गेली नव्हती. आम्ही दोघी वेढे सोडवत होतो, तो मागून सूचना देत होता.

"डावीकडून घे गं! डावीकडून!"

"तू गप सुकाणू धर."

चाळीस मिनिटं गेली.

दुसरं शीड पातळ नायलॉनचं, थोडं लहान. खालचं टोक बोटीच्या नाकाशी बांधायचं, दांडा नाही. मागे बसून दोर ओढला की गुंडाळलं जातं. बोट ताशी अडीच मैलांनी चालू लागली. पाण्याचा आवाज ऐकू येत होता.

"म्हाताऱ्यांचं शीड," टॉर्किल म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "आणि वारा थेट पाठीमागून असला की हे नीट भरत नाही. नागमोडी जावं लागेल, अंतर वाढेल."

"म्हणजे वेळ लागणार."

"मला कुठे कामावर जायचंय?" बोडिल म्हणाली.

टॉर्किलनं दोर ओढून शीड एकदा गुंडाळून पाहिलं. मग मला म्हणाला, "मापं घ्या."

ऑगस्टमध्ये तो नवं शीड घेऊन एकटाच आला. एरोला जायला नऊ तास लागले होते, त्यात वीस मिनिटं इंजिन. बोडिल बरोबर होती.

"आता बोटीच्या पुढचं सगळं तीच बघते. मला जाऊ देत नाही," तो म्हणाला. तक्रार होती की कौतुक, मला कळलं नाही.

खालच्या टोकाजवळ शिवण उसवली होती. दोर घासत असणार. मी तिथं चामड्याचा तुकडा शिवून दिला.