बारावा प्रवासी

बसमध्ये बॉम्ब फुटला तेव्हा बारा माणसं गेली. कंडक्टरबाई वाचल्या, पण त्यांचा डावा कान कायमचा गेला. सहा महिन्यांनी त्या पुन्हा ड्युटीवर रुजू झाल्या आणि दर सुट्टीच्या दिवशी आमच्या ऑफिसात येऊ लागल्या. मी तेव्हा पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका खासदारबाईंचा सचिव होतो.

देशात जिथं कुठं दहशतवादी हल्ल्यांत माणसं मेली, त्या सगळ्यांचं एक राष्ट्रीय स्मारक व्हावं, आणि तेही कायद्यानं, एवढंच कंडक्टरबाईंचं मागणं.

"घोषणा नको, भाऊ," त्या मला म्हणाल्या. "सरकार बदललं की घोषणा विरून जाते."

आमच्या बाईंनी विधेयक मांडायचं कबूल केलं. पण पाठिंबा गोळा करणं म्हणजे नाकी नऊ. कंडक्टरबाईंनी तेही अंगावर घेतलं. चार वर्षं त्या खासदारांच्या दारात उभ्या राहिल्या. जाण्याआधी त्या खासदाराच्या मतदारसंघातलं कोण कुठल्या हल्ल्यात गेलं ते शोधून काढायच्या आणि त्या घरी जाऊन यायच्या. मग समोर बसून सांगायच्या, "तुमच्या भागातली एक नर्स गेली होती. तिच्या आईला भेटून आले. तुम्हाला नमस्कार सांगितलाय." त्यावर भले भले विधेयकाची प्रत वाचायला मागून घ्यायचे. कुणी नुसतीच आश्वासनं देऊन बोळवण केली, तर पुढच्या सुट्टीला बाई परत हजर!

शेवटी विधेयक समितीपुढे आलं. समितीत एक म्हातारे सदस्य होते, पेशानं वकील. बोलणं अदबीचं, पण पेच घट्ट. त्यांनी कंडक्टरबाईंना साक्षीला बोलावलं.

"तुमच्या बसमधल्या अकरा जणांची नावं आहेत. बाराव्याची ओळख पटलेली नाही. ज्याला नाव नाही, गाव नाही, त्याला राष्ट्रीय स्मारकात कसं घ्यायचं? उद्या तो हल्लेखोरांपैकीच निघाला तर?"

मी टेबलाखाली मुठी आवळल्या. कंडक्टरबाईंनी उजवा कान पुढे केला आणि प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला. वकीलसाहेबांनी विचारला, पण या वेळी आवाज जरा खाली आला होता.

"साहेब, पिशवी ठेवणारा दोन थांबे आधीच उतरला होता. तो पकडला गेला, त्याला शिक्षाही झाली. हे काका दवाखान्यापाशी चढले. हातात एक्स-रेचं पाकीट. मला म्हणाले, शहरात नवीन आहे, माझा थांबा आला की सांगा. मी म्हटलं, सांगते, निवांत बसा. मग एक बाई कडेवर लेकरू घेऊन चढली. काकांनी तिला आपली पुढची जागा दिली आणि मागं जाऊन उभे राहिले. पिशवी तिथंच होती."

त्यांनी पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला.

"ती मायलेकरं आज जिवंत आहेत. त्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही. पण तिकीट मी फाडलं होतं, साहेब. माझा प्रवासी होता तो."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग समोरचा मसुदा ओढला आणि स्वतःच्या हातानं कलम लिहून काढलं: ज्यांची ओळख पटली नाही, त्यांचीही नोंद स्मारकात होईल, नावाच्या जागी त्यांच्याविषयी जे माहीत असेल ते कोरलं जाईल. लिहून झाल्यावर त्यांनी तो कागद आधी कंडक्टरबाईंपुढे सरकवला.

"वाचून बघा, बाई. काही राहिलं असेल तर सांगा."

"'जागा दिली' एवढं येऊ द्या," त्या म्हणाल्या.

महिन्याभरानं विधेयक सभागृहात आलं. वकीलसाहेब चाळीस मिनिटं बोलले, तेही बाजूनं. निकाल लागला तेव्हा सदस्य उभे राहून प्रेक्षक गॅलरीकडे वळले, तर कंडक्टरबाईंची खुर्ची रिकामी! दुपारची पाळी होती, त्या निघून गेल्या होत्या. संध्याकाळी मी डेपोत फोन लावला.

"बाई, झालं मंजूर! नऊच मतं विरोधात पडली."

पलीकडे इंजिनांच्या आवाजात नाक ओढल्याचं ऐकू आलं. त्या रडत असाव्यात. मग म्हणाल्या,

"त्या नऊ जणांचे पत्ते काढून ठेवा, भाऊ. पायाभरणीचं बोलावणं त्यांना मी स्वतः जाऊन देणार आहे."