मागे राहिलेले एक गुणसूत्र

चौदा मार्च, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटे. प्रयोगशाळेच्या लांब टेबलांवर सूक्ष्मदर्शक बावीस, परीक्षार्थी एकवीस. एक सूक्ष्मदर्शक उरणार, हे गणित कोणालाही सुटावे. उरणारा कोण, हेही सर्वांना ठाऊक होते.

मित्रांनो, तो मी. मी एक जुना, एका डोळ्याचा पितळी सूक्ष्मदर्शक आहे. माझ्या पायावर पांढऱ्या रंगात ७ हा आकडा आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझी नळी लेथवर कातली गेली आणि तिचे दाते एका म्हाताऱ्या फिटरने कानशीने घासून जुळवले. नळी वर-खाली करणारे चक्र फिरवताना कोठेही अडखळू नये आणि सोडल्यावर नळी स्वतःच्या भाराने खाली घसरू नये, अशा त्याच्या दोन अटी होत्या. त्यांसाठी त्याने मला तीन वेळा पूर्ण खोलले. चौथ्यांदा चक्र फिरवले, सोडले आणि चिंधीला हात पुसत तो म्हणाला, "हा आता माझ्यापेक्षा जास्त टिकेल."

मी टिकलो. अडतीस वर्षे याच प्रयोगशाळेत खिडकीतला उजेड आरशावर झेलून मी तो पेशींतून वर पाठवला. कांद्याचा पापुद्रा, गालाच्या आतली पेशी, फुलातले परागकण, सारे मी दाखवले. मुलांनी काय पाहिले, हा प्रश्न वेगळा. एकाने हवेच्या बुडबुड्याला केंद्रक ठरवून त्याला बाण काढला होता. दुसऱ्याने स्वतःच्याच पापणीच्या केसाची आकृती काढून खाली 'पेशीभित्तिका' असे लिहिले होते. दोष त्यांचा होता, माझा नव्हता. मी कधी खोटे दाखवलेले नाही आणि याचा मला अभिमान आहे.

पुढे दोन डोळ्यांचे, पोटात दिवा असलेले नवे सूक्ष्मदर्शक आले. मी बेसिनशेजारच्या कपाटात गेलो. चार वर्षे तेथे होतो. प्रयोगशाळेचे मदतनीस, ज्यांना सगळे कॉलेज मामा म्हणे, तेवढे महिन्यातून एकदा माझ्या दात्यांना तेलाचा थेंब देत. "तेल मिळालं की म्हातारा कुरकुरत नाही," असे म्हणत. ते माझ्याविषयी बोलत की स्वतःविषयी, ते मला कळले नाही.

मला कपाटातून कायमचे बाहेर काढले ते ताईने. वर्गातल्या सर्वांहून ती चौदा वर्षांनी मोठी, म्हणून सारे तिला ताई म्हणत. ती एका रक्ततपासणी केंद्रात नऊ वर्षे काचेच्या नळ्या आणि पट्ट्या धूत होती. पदवी मिळाली तर त्याच पट्ट्या तपासायला तिला बसू देणार होते. बाकी विषय सुटले होते. पेशीशास्त्र आणि आनुवंशिकीचे प्रात्यक्षिक मात्र दोनदा राहिले, आणि तिसरी संधी शेवटची होती.

दुसऱ्या वेळी तिच्यासमोर मीच होतो, कारण एक नवा सूक्ष्मदर्शक दुरुस्तीला गेला होता. कांद्याच्या मुळीच्या टोकाशी विभागत असलेल्या पेशी शोधून त्यांची आकृती काढायची होती. रसायनात ठेवलेल्या मुळीची दोन्ही टोके सारखीच फिकट दिसतात, पण वाढ एकाच टोकाला असते. घाईत ताईने नको ते टोक कापले. माझ्यात तिला लांबट, शांत पेशींच्या रांगा दिसल्या. एकही विभागत नव्हती. वेळ संपत आला, तेव्हा तिने पाठ केलेली पुस्तकातली आकृती उतरवली. परीक्षकांनी माझ्यात पाहिले, कागदाकडे पाहिले आणि म्हणाले, "चित्र सुंदर आहे. यातली ही पेशी मला दाखवा." ती पंधरा मिनिटे काचपट्टी सरकवत राहिली. पन्नासपैकी अकरा गुण मिळाले. उत्तीर्ण व्हायला वीस लागत.

यंदा जानेवारीपासून ती कामावर जाण्याआधी साडेसातला येऊ लागली.

"ताई, नवा घ्या की," मामा म्हणाले. "दिवा आहे, डोळे दोन आहेत."

"याच्यातच नापास झालेय, मामा. याच्यातच बघायचंय."

"घरचे काय म्हणतात?"

"सासूबाई म्हणतात, त्या कांद्याच्या मुळीत तुझं काय हरवलंय ते एकदा सापडू दे, म्हणजे आम्ही सुटलो."

मामा हसले आणि स्टूल ओढून बसले. "ऐका. आख्ख्या मुळीला आधी रंग द्या, मग ऊब द्या. उकळू द्यायचं नाही. आणि कापायची घाई करू नका. जे टोक आधी गडद होईल, ते तुमचं. तेवढंच कापा, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. वर झाकणकाच ठेवून अंगठा दाबताना तो सरकला की मेहनत पाण्यात."

पहिल्या आठवड्यात तिने अकरा झाकणकाचा फोडल्या. मामांनी त्या उचलल्या. फेब्रुवारीअखेर तिचा अंगठा सरकेनासा झाला.

तर चौदा मार्च. इतरांनी दिव्यांचे सूक्ष्मदर्शक पकडले आणि ताई सरळ माझ्याकडे आली. तिने माझा आरसा खिडकीकडे वळवला. मुळीला रंग दिला, ऊब दिली आणि हातांची घडी घालून थांबली. एक टोक गडद लाल झाले. तेच तिने कापले.

या वेळी माझ्या डोळ्याखाली पेशी जाग्या होत्या. तिने तीनशे मोजल्या, त्यांतल्या चोवीस विभागत होत्या. आकृतीसाठी मात्र सर्वांत स्पष्ट जी पेशी मिळाली, ती विचित्र होती. गुणसूत्रांचे दोन गट दोन टोकांना चालले होते आणि एक गुणसूत्र मध्येच मागे राहिले होते.

शेजारच्या चष्मेवाल्याने मान लांब केली. "ताई, हे काय वेडंवाकडं? पुस्तकातलं काढ ना, सरळ."

तिची पेन्सिल थांबली. पुस्तकातली आकृती तिला डोळे मिटून काढता आली असती. खोडरबर हातात होता. तिने पुन्हा माझ्यात पाहिले. बराच वेळ पाहिले. मग मध्ये राहिलेले ते गुणसूत्र जेथे होते तेथेच काढले.

परीक्षक तेच होते. "असं पुस्तकात नसतं," ते म्हणाले.

"पुस्तकात नाही, सर. यात आहे."

ते वाकले. माझे बारीक चक्र त्यांनी केसभर पुढे, केसभर मागे फिरवले. माझे दाते अडखळले नाहीत. तेवढ्या क्षणासाठी त्या फिटरने मला तीन वेळा खोलले असावे.

"हे मधलं कुठे जाणार?" त्यांनी न उठताच विचारले.

"ते या पेशीनं अजून सांगितलेलं नाही, सर. कांद्याची गुणसूत्रं सोळा. हे आपल्या बाजूला पोचलं तर दोन्ही लेकींना, म्हणजे नव्या पेशींना, सोळा-सोळा. चुकीच्या बाजूला गेलं तर एकीला सतरा, दुसरीला पंधरा. आणि कुठेच गेलं नाही, तर एकीचं एक कमी."

परीक्षकांनी विभागप्रमुख मॅडमना बोलावले. "बघा, मॅडम. पट्टी पुसू नका, जपून ठेवा." मग ताईकडे वळून म्हणाले, "गेल्या वर्षी चित्र यापेक्षा देखणं होतं."

"हो, सर," ताई म्हणाली. "पण ते माझं नव्हतं."

मित्रांनो, आता मी कपाटात नाही, खिडकीजवळ आहे. माझ्याकडे याल तेव्हा भिंग रुमालाने पुसू नका, मऊ कागदाने पुसा. नळी खाली आणताना माझ्यात पाहू नका, बाजूने पाहा, म्हणजे काचही वाचेल आणि मीही. आणि कागदावर तेच काढा जे मी दाखवले. वेडेवाकडे असले तरी.

निकाल एकोणतीस एप्रिलला लागला. ताईचे प्रात्यक्षिकाचे गुण : पन्नासपैकी त्रेचाळीस.