पाठीवर उमटलेली ओळ

मी एक जुना तक्ता आहे, आणि कालपरवापर्यंत शाळेतल्या टीव्हीवर पडणारी धूळ अंगावर घेणं एवढंच माझं काम होतं. हसू नका मित्रांनो. एके काळी मीसुद्धा भिंतीवर मानाने टांगलेला होतो. माझ्या अंगावर मराठी भाषेचे अलंकार लिहिलेले होते आणि मुलं माझ्याकडे माना वर करून बघायची.

पण तक्ता होण्याआधी मी शीड होतो. रेवदंड्याच्या खाडीजवळ एक लहानसा कोळीवाडा आहे. तिथल्या रावजी तांडेलाने जाड सुती कापडाचे पट्टे हाताने शिवून मला तयार केलं. त्याची शिवण तिरकी पडायची, पण पक्की असायची. वारा भरला की मी फुगायचो आणि रावजीची होडी घराकडे निघायची. रावजी म्हातारा झाला, होडी त्याचा मुलगा बाळाराम चालवू लागला. मग होडीला इंजिन बसलं आणि माझी घडी घालून मला माळ्यावर टाकण्यात आलं. तिथे उंदरांखेरीज माझी विचारपूस करणारं कोणी नव्हतं.

त्या वाड्याच्या शाळेत प्रज्ञाबाई नावाच्या शिक्षिका होत्या. त्या माणगावकडच्या, भातशेतीच्या गावातल्या. समुद्र त्यांनी नोकरी लागल्यावरच जवळून पाहिला. त्यांना वर्गात अलंकारांचा मोठा तक्ता हवा होता, पण कागदाचे तक्ते खाऱ्या दमट हवेत दोन पावसाळेही टिकत नसत. बाळारामची मुलगी केसर सहावीत होती. तिने घरी जाऊन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी बाळाराम मला खांद्यावर टाकून शाळेत हजर झाला.

"बाई, शिडाला आता काय काम हाय? इंजिन आलं," तो म्हणाला. "तुमी लिवा त्याच्यावर. पोरांच्या कामाला तरी येल."

"अहो, पण तुमच्या वडिलांच्या हातचं आहे ना हे?"

"म्हनून तर आनलंय. माल्यावर कुजन्यापेक्षा इथं बरं."

बाईंनी मला धुतलं, भाताच्या पेजेची खळ दिली, वर-खाली बांबू लावला आणि तेलरंगाचे डबे उघडले. खळ पातळ झाली होती, हे त्यांना कळलं नाही. त्यामुळे रंगातलं तेल माझ्या आरपार झिरपलं आणि पुढून लिहिलेलं प्रत्येक अक्षर माझ्या पाठीवर उलटं, तांबूस होऊन उमटलं. माझी पाठ कायम भिंतीकडे. ती कोण बघणार? पण मित्रांनो, एवढी गोष्ट तुम्ही लक्षात असू द्या.

बाईंची एक पद्धत होती. पुस्तकातलं उदाहरण त्या फळ्यावर लिहायच्या आणि पुसून टाकायच्या. माझ्यावर मात्र मुलांनी स्वतः सुचवलेलं वाक्यच चढायचं, तेसुद्धा मूल बोललं तसंच. त्यामुळे आपलं वाक्य माझ्यावर यावं म्हणून मुलांची नुसती चढाओढ लागायची. हेमांगीने चेतनगुणोक्तीसाठी दिलं, 'ओहोटी लागली का होड्या चिखलात कुशीवर निजतात.' होडी निर्जीव, पण ती माणसासारखी निजली, म्हणून ही चेतनगुणोक्ती. कान्हाने रूपकाला 'दर्या आमचं शेत' दिलं. दर्या शेतासारखा नव्हे, दर्या हेच शेत. दोघांत फरकच ठेवला नाही, की झालं रूपक. अतिशयोक्तीला सगळ्या वर्गाने मिळून शेजारच्या ठमाबाईला पकडलं: 'ठमाआजीच्या कालवनाचा ठसका अलिबागपर्यंत ऐकू जातो.' ते ऐकून ठमाबाई शाळेत येऊन बाईंशी भांडली, आणि मग वाक्य वाचता येत नसूनही रोज खिडकीतून ते बघून जाऊ लागली.

उपमेच्या दिवशी बाईंनी विचारलं, "हात कशासारखा?" बरीच मुलं म्हणाली, कमळासारखा. वाड्यात कमळ कोणी पाहिलं नव्हतं. केसर तेवढी गप्प होती. बाईंनी तिला उठवलं.

"माझ्या बाबाचा हात नांगराच्या दोरीसारखा," ती म्हणाली.

"का गं?"

"खरखरीत हाय, पन सुटत नाय."

बाईंनी खडू खाली ठेवला. मग त्यांनी सगळ्यांना समजावलं, की हात हे उपमेय, होडी धरून ठेवणाऱ्या नांगराची दोरी हे उपमान, खरखरीतपणा आणि घट्ट धरणं हा दोघांतला सारखा गुण. कान्हा नेहमी आडवा प्रश्न विचारायचा. तो म्हणाला, "पन बाई, हात म्हंजे काय दोरी नसते. मग हे खोटंच ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "अलंकार खोटा नसतो, कान्हा. आपल्याला जे मनापासून वाटतं ते दाखवायला तो दुसऱ्या वस्तूची मदत घेतो, एवढंच. वाटलेलं खोटं कसं असेल?"

त्या संध्याकाळी केसरची ओळ माझ्यावर लिहिली गेली, ऐन मध्यावर, निळ्या रंगात. 'माझ्या बाबाचा हात नांगराच्या दोरीसारखा, खरखरीत हाय पन सुटत नाय.' बाळाराम मासळी उतरवून सरळ शाळेत आला. त्याला वाचता यायचं, पण सावकाश. त्याने ओठ हलवत ती ओळ पुरी केली, स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं आणि निघून गेला. दाराबाहेर त्याने डोळे पुसले, ते मला दिसलं. पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी 'हाय' आणि 'नाय'वर बोट ठेवलं, पण जाताना तेच म्हणाले, "असा तक्ता मी दुसऱ्या शाळेत पाहिला नाही." मला फार बरं वाटलं. वारा भरल्यासारखं वाटलं म्हणा ना.

ते सुख मला पुरलं नाही. पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेला वाड्याने दर्याला नारळ दिला आणि होड्या समुद्रात गेल्या. काही दिवसांनी अचानक वादळ झालं. जाळं ओढताना लाट आली आणि बाळाराम पाण्यात गेला. सोबत्यांनी दोरी टाकली. दोरी त्याच्या हातात आली होती, असं त्यांनी परत येऊन सांगितलं. त्याने ती धरलीही होती. मग दुसरी लाट आली आणि हात सुटला. किनाऱ्यावर बायकांमध्ये उभी राहून केसरने ते सगळं ऐकलं. बाळाराम पुन्हा कोणाला दिसला नाही.

केसर बरेच दिवस शाळेत आली नाही. वर्गात माझ्यासमोर प्रज्ञाबाई एकट्याच बसायच्या. ती निळी ओळ त्यांना बघवत नव्हती. 'सुटत नाय' या शब्दांपाशी त्यांचे डोळे थांबायचे आणि त्या तोंड फिरवायच्या. पोरगी परत येईल, रोज समोर हेच वाचेल, आणि तिच्या मनाचं काय होईल? एके दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. ब्रश माझ्यावरून फिरला आणि ओळ झाकली गेली. बाई तेव्हा रडत होत्या. त्यांनी जे केलं ते निव्वळ मायेने केलं, हे मी शपथेवर सांगेन.

सोमवारी केसर आली. तिची आई तुळसा तिला दारापर्यंत सोडून गेली. केसर आपल्या जागी बसली, दप्तर ठेवलं आणि सवयीने माझ्याकडे बघितलं. ऐन मध्यावर पांढरा डाग होता. ती उठली, जवळ आली आणि डागाला हात लावून बघितला.

"बाई, माझी ओळ?"

बाईंनी हातातलं पुस्तक मिटलं.

"बाबाचा हात सुटला म्हनून पुसली काय?" केसरने विचारलं. "खोटी ठरली म्हनून?"

"नाही गं बाळा. तुला त्रास होऊ नये म्हणून."

"वाचून तरास नसता झाला," ती म्हणाली. "तुमीच सांगितलेलं, वाटलेलं खोटं नसतं. मना तर अजून तसंच वाटतं."

ती चिडली नव्हती, ओरडली नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं. वाड्यात लोक कुजबुजत होते की बाळारामचा हात कच्चा पडला, आणि शाळेच्या भिंतीवरही आता तेच लिहिल्यासारखं झालं होतं. बापाच्या हातावर विश्वास ठेवणारी जगात एकच जागा तिच्याकडे उरली होती. तिच्या बाईंनीच ती पांढरी केली.

त्या दिवशी बाईंनी ब्लेड घेऊन पांढरा रंग खरवडायचा प्रयत्न केला. पांढऱ्याबरोबर निळाही निघाला. धागे उसवले. शेवटी त्यांनी ब्लेड टाकून दिलं आणि केसरला म्हणाल्या, "मी पुन्हा लिहिते. तू सांग, तशीच्या तशी लिहिते."

केसरने नकारार्थी मान हलवली. "ती बाबाने वाचलेली व्हती," ती म्हणाली. "आता लिवाल ती वेगली."

मित्रांनो, मी तेव्हा भिंतीला पाठ लावून लटकत होतो. माझ्या पाठीवर ती ओळ शाबूत होती. नुसता एक वारा आला असता आणि मी उलटा झालो असतो, तर दोघींना दिसली असती. आयुष्यभर वाऱ्यावर जगलेलं शीड मी, पण त्या बंद वर्गात वाऱ्याची झुळूकही आली नाही. माझ्या जन्माचं सगळ्यात मोठं दुःख विचाराल तर तेच आहे.

केसरने त्यानंतर एकही उदाहरण दिलं नाही. व्याख्या सगळ्या पाठ म्हणायची, गुणही चांगले मिळवायची, पण 'कशासारखं' असं विचारलं की खाली बघायची. प्रज्ञाबाईंनीही पुढे माझ्यावर काही लिहिलं नाही. त्यांची बदली झाली, त्या दिवशी त्या वर्गात आल्या, पांढऱ्या डागावर तळवा ठेवून उभ्या राहिल्या आणि गेल्या.

नंतर माझे हाल सुरू झाले. छपराचं पाणी गळून हेमांगीच्या होड्या वाहून गेल्या. ठमाबाई वारली, आणि तिचा ठसकाही फिका पडला. मग शाळेत मोठा टीव्ही आला. त्यात अलंकार हलतात, बोलतात, गाणीसुद्धा म्हणतात. त्यांचा मला हेवा नाही. नवे शिक्षक विवेक सर भले आहेत. त्यांनी माझे बांबू काढले, माझी मळकी बाजू आत केली आणि मला टीव्हीवर पांघरलं. अशी माझी पाठ पहिल्यांदाच जगाकडे झाली. पण त्यावरचे तांबूस डाग म्हणजे ओलीचे डाग, असंच सगळे समजले.

यंदा जूनमध्ये केसर शाळेत आली. तिचं लग्न वाड्यातच झालंय. मुलगी रुचिका पहिलीत बसणार, तिचं नाव घालायला ती आली होती. विवेक सर खुर्चीवरून उठत म्हणाले, "थांबा, हिला टीव्ही दाखवतो," आणि त्यांनी मला ओढून बाजूच्या बाकावर टाकलं. "हे फडकं आता फेकायचंय. नवीन कव्हर आलंय."

केसरची नजर आधी गेली ती शिवणीवर. तिरकी, पक्की शिवण. आजोबांची शिवण तिने लगेच ओळखली. ती बाकाजवळ आली, मला पसरलं आणि तशीच उभी राहिली.

"आई, हे उलटं लिवलंय," रुचिका म्हणाली.

केसरने तिचं बोट धरलं आणि उजवीकडून डावीकडे, एकेका अक्षरावरून सावकाश फिरवलं. माझ्या बाबाचा हात. नांगराच्या दोरीसारखा. खरखरीत हाय. पुढच्या शब्दांपाशी ते बोट थांबलं. रुचिकाने वर बघितलं. मग केसरने पुढचे शब्दही वाचले.

वाचून झाल्यावर तिने सरांना विचारलं, "प्रज्ञाबाईंचा नंबर हाय का हो? त्यांना दाखवायचंय. ओळ गेली न्हवती, एवढं सांगायचंय."

विवेक सर म्हणाले, "बाई गेल्या हो. दिवाळीच्या आधी. तुम्हाला कळलं नव्हतं?"

केसर बाकावर बसली. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं. खारं पाणी मी पुष्कळ प्यायलोय, पण ते मला सोसलं नाही. इतकी वर्षं बाई मनात एक ओझं घेऊन जगल्या, आणि ते उतरवणारी ओळ माझ्या पाठीवर होती.

आता मी केसरच्या घरात खिडकीपाशी आहे. मला भिंतीला चिकटवून लावायचं नाही, दोन्ही बाजू दिसायला हव्यात, एवढं तिने नवऱ्याला बजावलं. मित्रांनो, जुन्या वस्तू फेकण्याआधी एकदा उलटून बघा. आणि कुणाचं दुःख कमी करायला त्याचे शब्द पुसू नका. आधी त्याला विचारा. विचारायला एक वाक्य लागतं, तेवढंच बाईंकडून राहून गेलं.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं तुला ठाऊक होतं, तर तेव्हाच का नाही बोललास? मी कापड आहे, मित्रांनो. आता तुमच्याशी बोलतोय ना, तीसुद्धा चेतनगुणोक्तीच आहे. खरोखरचं बोलता आलं असतं, तर त्या सोमवारीच बाईंना सांगितलं असतं, "बाई, रडू नका. मला फक्त उलटा करा."