दुमडलेलं नाणं

मित्रांनो, मी एक जुना धातुशोधक आहे. बागेतल्या शेडमध्ये, वाळलेल्या रंगाच्या डब्यांमागे मला उभं करून ठेवलं आहे. माझ्या दांड्याला एक चिठ्ठी बांधली आहे, 'बिघडलेला'. हे साफ खोटं आहे. मी आयुष्यात एकदाच गप्प बसलो, आणि तेही मुद्दाम.

मला खाली ताटाएवढी चकती, मधे दांडा आणि वर कानाला लावायचा हेडफोन. जमिनीत लोखंड असलं की मी घुरघुरतो आणि चांदी असली की शीळ घालतो. इंग्लंडातल्या नॉरफोकमधल्या पर्सी थर्टल नावाच्या निवृत्त पोस्टमननं मला विकत घेतलं. खणलेला खड्डा बुजवायचा आणि शेताचं फाटक लावून घ्यायचं, हे दोन नियम त्यानं कधी मोडले नाहीत. म्हणून शेतकरी त्याला आनंदानं येऊ देत. आम्हाला सापडलेलं एक जुनं पदक संग्रहालयात काचेआड ठेवलं आहे. खाली नाव फक्त पर्सीचं आहे, पण असो, चालायचंच.

एका शरदात, पडक्या चर्चजवळच्या शेतात मी शीळ घातली. चांदीची जुनी पेनी निघाली, मधोमध दुमडलेली.

"नांगरानं वाट लावली बिचारीची," पर्सी म्हणाला.

घरी त्यानं ती स्टोव्हवर शेकली आणि लाकडी चिमट्यात धरून हळूहळू सरळ केली. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होतो. माझे सेल टेबलावर काढून ठेवलेले होते. नाणं सपाट झालं आणि माझ्यातून शीळ निघाली.

"मेव्हिस, किटली बघ गं," पर्सी बायकोला म्हणाला.

"किटली ठेवलीच नाहीये मी," मेव्हिस म्हणाली, आणि तिला खोकला आला.

तो खोकला थांबेना. आठवड्याभरात तिला जिना चढवेना. डॉक्टरांनी सगळं तपासलं, पण हाती काही लागलं नाही. ती खोकली की सेल नसतानाही माझ्यातून शीळ निघे. मित्रांनो, मला स्वतःचीच भीती वाटू लागली.

मग पर्सी मला बरोबर घेऊन, जमिनीत सापडलेल्या जुन्या वस्तूंची सरकारी नोंद ठेवणाऱ्या इमोजेन कॅचपोलबाईंकडे नाणं नोंदवायला गेला. त्यांनी भिंगातून पाहिलं.

"मिस्टर थर्टल, हे सरळ कुणी केलं?"

"मीच. झकास झालंय ना?"

"अहो, हे मुद्दाम वाकवलेलं होतं! पूर्वी घरात कुणी मरणाच्या दारात असलं की त्याच्या डोक्यावर नाणं धरून वाकवायचे आणि संताला नवस बोलायचे. तो दिलेला शब्द असायचा."

"आणि कुणी ते परत सरळ केलं तर?"

"ते कुठं लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि उगाच कागद चाळू लागल्या.

पर्सीनं गाडीत बसून नाणं पुन्हा दुमडून पाहिलं. त्याचे दोन तुकडे झाले. तो तसाच मला घेऊन शेतात गेला. बुजवलेल्या खड्ड्यावर मी शीळ घातली. त्यानं कोपरापर्यंत हात घालून खणलं, पण आत काही नव्हतं. फक्त नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा वास आला. आसपास ना घर होतं, ना माणूस. पर्सी मातीत बसून रडला.

दुपारी मेव्हिस खुर्चीत झोपली होती. पर्सीनं तिच्या खणातून चांदीचं सहा पेन्सचं नाणं काढलं. लग्नाच्या दिवशी ते शकुन म्हणून तिच्या बुटात ठेवलेलं होतं. ते तिच्या डोक्यावर धरून त्यानं पकडीनं वाकवलं.

"हिला राहू दे," तो म्हणाला.

कुणाला म्हणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. ते नाणं आणि जुने दोन तुकडे त्यानं त्याच खड्ड्यात पुरले. माझी शीळ थांबली. चौथ्या दिवशी मेव्हिसनं सकाळी अंडी मागितली.

"पर्सी, माझं बुटातलं नाणं कुठं गेलं रे?" ती पुढं अधूनमधून विचारी.

"सापडेल गं."

"अख्ख्या जगाची नाणी शोधतोस, आणि बायकोचं एक सापडेना!"

तो हसायचा. खरं काय ते त्यानं तिला कधीच सांगितलं नाही.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात पर्सी वारला. मग मेव्हिसच्या भाच्यानं, नेव्हिलनं, मला हातात घेतलं. माणूस भला आहे, पण वाकडं काही दिसलं की ते सरळ करायला याचे हात शिवशिवलेच. तो मला नेमका त्याच शेतात घेऊन गेला. एक्क्याऐंशी वर्षांची मेव्हिस फाटकाशी पेपरमिंट चघळत उभी होती.

चकती त्या जागेवर आली. खालून चांदीनं साद घातली. शीळ माझ्या गळ्यापर्यंत आली, आणि तिकडे मेव्हिसनं छातीवर हात ठेवला. ती खोकली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

मी शीळ गिळली. सगळा जीव एकवटून गिळली.

"मेला की काय हा?" नेव्हिलनं मला थापट्या मारल्या आणि तो पुढं गेला. मेव्हिसचा खोकला थांबला.

घरी येऊन त्यानं घरातला चमचा माझ्यासमोर धरून पाहिला. मी तेव्हाही बोललो नाही. एकदा बोललो असतो, तर त्यानं मला पुन्हा तिथंच नेलं असतं.

मित्रांनो, मातीतून वाकलेलं काही हाती आलं, तर ते कुणासाठी वाकवलं असेल, याचा आधी विचार करा. आणि एक विनंती आहे. शनिवारी नेव्हिल मला दुरुस्तीला नेणार आहे. त्याला कुणीतरी अडवा हो. मला बिघडलेलाच राहू दे.