शंभर शब्दांत प्रतिसाद

बावीस वर्षं मी चर्चमध्ये मुलांची पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची, तयारी करून घेते आहे, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मला सांगण्यात आलं की तुम्हाला शिकवता येतं असं सर्टिफिकेट आणा. सांगणारे फादर माझ्या मुलाच्या वयाचे, म्हणजे मला मूल असतं तर. माणूस वाईट नाही. "टीचर, वरून नियम आलाय, मी तरी काय करू," म्हणाले. "सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स आहे, प्रौढांसाठी. श्रद्धा आणि धर्मज्ञान. पास झालात की वर्ग तुमचाच." आणि नाही झाले तर, असं मी विचारलं. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण लावलं आणि परत ठेवलं. काय समजायचं ते मी समजले.

पोटासाठी मी कपडे अल्टर करते. ड्रायक्लीनरच्या दुकानामागे माझी खोली, खोलीत मशीन, आणि दाराला टांगलेल्या लोकांच्या पँटी. कुणाची लांबी कमी करायची, कुणाची कंबर वाढवायची. कंबर वाढवायचीच जास्त. आठवडाभर मी 'अहो, उद्या मिळेल ना' असते. रविवारी दहा ते अकरा तेवढी मी टीचर असते. नवरा गेल्यापासून आठवड्यातला तो एकच तास कुणीतरी माझी वाट बघत बसलेलं असतं. तो वर्ग गेला तर माझ्याकडे काय उरतं, याचा मी विचारसुद्धा करत नव्हते.

फॉर्म माझ्या धाकट्या बहिणीने भरला. ती तीन तासांवरच्या शहरात राहते, एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे, तिची बोटं कॉम्प्युटरवर पळतात. "ताई, मी पण करते कोर्स. दोघी एकाच गटात राहू, तुला काही अडलं तर मी आहे," म्हणाली. आमचं फार सख्य नव्हतं, आई गेल्यापासून तर नाहीच. पण म्हटलं, एवढं स्वतःहून करते आहे तर करू दे.

कोर्सची तऱ्हा अशी. सोमवारी एक व्हिडिओ यायचा. त्यात आमचे सर, मागे पुस्तकांचं कपाट. व्हिडिओ बघायचा, वीस पानं वाचायची, मग त्या विषयावरचा स्वतःचा अनुभव दोनशे शब्दांत लिहून चर्चेच्या पानावर टाकायचा. एवढ्यावर सुटका नाही. यादीत आपल्या खाली ज्या दोघांची नावं असतील त्यांच्या अनुभवाला शंभर शंभर शब्दांत प्रतिसाद द्यायचा. 'सहाध्यायीच्या अनुभवाचा आदर' याला पाच मार्क. आदर मार्कांवर मोजतात हे मला नवीन होतं. मग काय, जो तो प्रत्येकाला 'हृदयस्पर्शी' म्हणायचा. गटातल्या बस कंडक्टरने लिहिलं की प्रार्थनेला बसलं की त्याला झोप लागते, तर त्यालाही तिघांनी हृदयस्पर्शी म्हटलं.

यादीत माझ्या खाली धाकटीचं नाव होतं.

तिसऱ्या आठवड्याचा विषय होता आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार. आमच्याकडे सगळे त्याला शेवटचं तेल म्हणतात. फादर तेल घेऊन दारात आले म्हणजे माणूस जाणार, असंच आम्ही लहानपणापासून धरून चाललो. म्हणून घरची माणसं अगदी श्वास अडकेपर्यंत फादरना बोलावत नाहीत, आजारी माणूस घाबरेल म्हणून. सर त्या दिवशी अगदी सहज सांगत होते की हा संस्कार फक्त मरणाऱ्यासाठी नाहीच, गंभीर आजारी असलेल्या कुणासाठीही आहे. ऑपरेशनआधी घ्यावा, म्हातारपणी घ्यावा, पुन्हा पुन्हा घेतला तरी चालतो. मी कानात इअरफोन घालून कुणाचा तरी कोट उसवत होते. मशीनवर डोकं टेकवून रडले. बाहेरून ड्रायक्लीनरने विचारलं, काय झालं, म्हटलं सुई लागली.

रडायचं कारण सांगते. नऊ वर्षांपूर्वी आई माझ्या घरी तीन आठवडे अंथरुणाला खिळून होती. मंगळवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस. मी धाकटीला फोन केला आणि विचारलं, फादरना बोलावू का. ती म्हणाली, "नको ताई, आई घाबरेल. तेल बघितलं की तिचा धीरच सुटेल. मी उद्या संध्याकाळी पोचते, मग दोघी मिळून बोलावू." मला ते पटलं. थांबले. बुधवारी दुपारी दोन वाजता आई गेली. धाकटी सहाला आली, आणि घर माणसांनी भरलेलं असताना दारातच तिने विचारलं, "फादर येऊन गेले ना?"

आई समोर ठेवलेली, त्यात बहिणीशी काय भांडायचं? मी मान हलवून नाही म्हटलं, आणि त्या मानेवर नऊ वर्षं बसली आहेत. मोठीने आईला तेलाशिवाय पाठवलं, हे मग घरोघरी झालं. मी खरं सांगितलं ते एका मावशीला, आईच्या पाठच्या बहिणीला. तिने एक प्रश्न विचारला नाही. "तू म्हणतेस ना, बस्स," म्हणाली, आणि त्या दिवसापासून धाकटीशी बोलणं टाकलं. तिच्या मुलीच्या लग्नालाही गेली नाही. लोक काय म्हणायचे ते म्हणोत, मावशीला माहीत आहे, यावर मी नऊ वर्षं काढली.

चौथा आठवडा क्षमेचा. शुक्रवारी दुपारी मी पान उघडलं, तर धाकटीचा अनुभव आलेला. 'माझी आई माझ्या मोठ्या बहिणीकडे वारली. बहिणीने वेळेवर धर्मगुरूंना बोलावलं नाही. माझ्या आईला अखेरचं तेल मिळालं नाही. मी प्रवासात होते, असहाय होते. नऊ वर्षं मी हा राग उराशी धरला. या कोर्समुळे आज मी बहिणीला मनापासून क्षमा केली आहे.' खाली कंडक्टर, गटातली एक नर्स, सगळे हृदयस्पर्शी. आणि सरांनी स्वतः लिहिलेलं, हा या आठवड्यातला सर्वांत प्रामाणिक अनुभव.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तसाच फोन लावला.

"ताई, मी तुझं नाव कुठे लिहिलंय?" धाकटी म्हणाली.

"नावाचं मरू दे. बोलावू नको असं तू मला सांगितलंस की नाही?"

"मी?" ती खरंच थांबली. आठवून बघत होती, मला ऐकू येत होतं. "मी असं कसं म्हणेन? आईच्या बाबतीत?"

"मंगळवारी सकाळी. आई घाबरेल म्हणालीस."

"ताई, तुला त्या दिवसांत झोप नव्हती. काहीतरी घोळ होतोय तुझा." मग अगदी प्रेमाने म्हणाली, "पण तुला तसं वाटत असेल ना, तर जाऊ दे. त्याबद्दलही मी तुला माफ केलं."

ती खोटं बोलत असती तर मी भांडले असते, पण तिला आठवतच नव्हतं. ते वाक्य तिने कधीच टाकून दिलं होतं, आणि मला एक शब्द विसरता येत नव्हता. मी फोन ठेवला आणि रागाच्या भरात प्रतिसाद लिहिला. जे घडलं ते, जसंच्या तसं, तिच्या शब्दांसकट. शेवटी लिहिलं, ती बहीण मीच आहे, आणि मी अजून कुणाला क्षमा केलेली नाही.

तासाभरात तो पानावरून नाहीसा झाला. सरांचा निरोप आला. 'आपली वेदना समजू शकतो. परंतु प्रतिसाद हा सहाध्यायीच्या अनुभवाला असावा, त्याचं खंडन नसावं. शनिवार सायंकाळपर्यंत पुन्हा लिहावा, अन्यथा हा आठवडा अपूर्ण धरला जाईल.' अपूर्ण आठवडा म्हणजे सर्टिफिकेट नाही. मी फादरना गाठलं. ते म्हणाले, "टीचर, शंभर शब्द तर लिहायचेत. लिहून टाका ना. मुलांचा विचार करा." चौदा मुलं होती यंदा.

शनिवारी दुपारी मी दुकानातली एक पँट तीनदा उसवली आणि तीनदा शिवली. मग बसले आणि लिहिलं. 'प्रिय सहाध्यायी, इतकी वर्षं मनात ठेवलेलं दुःख मांडायला धैर्य लागतं. त्या मोठ्या बहिणीच्या हातून चूक झाली. तिने वेळीच धर्मगुरूंना बोलवायला हवं होतं. तुम्ही तिला क्षमा केलीत, याबद्दल ती तुमची ऋणी राहील.' असंच पुढे शंभर शब्द भरेपर्यंत. स्वतःला समजावलं, गटात सहा माणसं, कोण बघतंय, परीक्षेचा पेपर आहे हा. सरांनी आदराचे पाचपैकी पाच दिले. दोन आठवड्यांनी सर्टिफिकेट आलं, फादरनी ते रविवारी सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले.

मंगळवारी दुपारी मावशीचा फोन आला. ती त्र्याऐंशी वर्षांची आहे, फोन कधी स्वतःहून करत नाही.

"धाकटी येऊन गेली," ती म्हणाली. "दारात उभी राहून रडत होती, म्हणून घेतलं आत. म्हणाली, ताईने कबूल केलं, आता तरी माझ्याशी बोल. मी म्हटलं, शक्य नाही. तर तिने फोनवर काढून दाखवलं. अक्षरं मोठी करून दिली. चष्मा लावून वाचलं मी. वर तुझं नाव होतं."

"मावशी, ते कोर्ससाठी लिहिलं होतं. तसं लिहिल्याशिवाय पास करत नव्हते. मार्क होते त्याला."

"मार्क?"

मी समजावत राहिले. गट, यादी, शंभर शब्द, पुसून टाकलेला पहिला प्रतिसाद, चौदा मुलं. माझं मलाच ऐकू येत होतं ते कसं वाटतंय.

"म्हणजे दोन्हींतलं एक खोटं," शेवटी ती म्हणाली.

"तुला सांगितलं तेच खरं आहे मावशी."

"असेलही. पण माझी बहीण होती ती. तिच्या मरणाबद्दल तू मार्कांसाठी असं लिहू शकतेस, तर तेव्हा माझ्यापाशी कशासाठी काय बोलली असशील, ते मी कसं ओळखू? नऊ वर्षं मी त्या पोरीचं तोंड पाहिलं नाही गं, तुझ्या एका शब्दावर."

तिने फोन ठेवला. मी चर्चेचं पान उघडलं, निदान ते पुसून टाकावं म्हणून. कोर्स संपला होता. आता तिथे फक्त वाचता येत होतं, काही बदलता येत नव्हतं.

त्यानंतर मावशीने माझा फोन उचललेला नाही. धाकटी महिन्यातून एकदा तिच्याकडे जाते, दोन दिवस राहते, तिला आंघोळ घालते असं कळतं. गेल्या खेपेला फादरना घरी बोलावून तिने मावशीला तेल लावून घेतलं. मावशी अजिबात घाबरली नाही म्हणे. माझा वर्ग चालू आहे.